पाण्याला गेली

निवृत्त पोलिसाला कुणी बोलतं केलं की तो ‘ती घटना आजही आठवते’ म्हणून सुरू होतो, आणि मग त्याला आवरता आवरत नाही. मीही त्यातलाच. फक्त या प्रकरणात मला घटनेच्या आधी एक शब्द आठवतो, आणि तोही आम्ही चुकीचा ऐकलेला. त्या शब्दापायी एक माणूस खुनाच्या आरोपात जाता जाता राहिला. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसं अजून आपापल्या घरी नांदताहेत.

तेव्हा मी नांदेड शहराच्या कडेला असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निम्मी हद्द गुंठेवारीची. म्हणजे शेत तोडून बॉन्ड पेपरवर विकलेले प्लॉट. मंजूर नकाशा नाही, आखलेले रस्ते नाहीत. पण म्हणून रस्तेच नसतात असं नाही. बैलगाडीच्या वाटेचा मेन रोड होतो, बांधाची गल्ली होते. एखादी गल्ली सरळ जाता जाता उगीच वळते. तिथं कधीकाळी लिंबाचं झाड असतं. झाड तोडलं जातं, वळण राहतं. नवा शिपाई आला की मी त्याला सांगायचो, बाबा रे, इथं घर नंबर विचारत बसू नकोस, आधी शेत कुणाचं होतं ते विचार.

ज्या गल्लीतली ही गोष्ट, ती दोन चुलतभावांच्या शिवेला लागून होती. बांधावरून दोघांचं असं वाकडं, की एकमेकांच्या घरच्या मयतीलाही जात नसत. प्लॉट पाडतानाही तीच तऱ्हा. एकानं सगळ्या गल्ल्यांची तोंडं पूर्वेच्या रस्त्याला ठेवली, दुसऱ्यानं पश्चिमेच्या. मधल्या बांधाशी येऊन दोन्हीकडच्या गल्ल्या संपायच्या. दोन वस्त्या पाठीला पाठ लावून उभ्या, आणि इकडून तिकडं जायचं तर शाळेपर्यंत जाऊन मोठा वळसा. आम्हा पोलिसांना अशी गल्ली सोयीची असते. तोंडाशी माणूस उभा केला की आतला सगळा हिशेब हातात.

अशाच एका बंद गल्लीतला ऑटोवाला एका संध्याकाळी ठाण्यात आला. तिशीतला, अंगानं आडवा, तोंडावर काळजी. ठाणे अंमलदारानं विचारलं, काय झालं? तर म्हणतो, “साहेब, बायको घरात न्हाई, अन् बाहेर बी गेली न्हाई.”

अंमलदारानं लिहिता हात थांबवला. असली तक्रार कशी लिहायची?

त्याचं म्हणणं असं. ऑटो गॅरेजला होता, म्हणून तो दुपारपासून गल्लीच्या तोंडाशी पान टपरीच्या बाकड्यावर बसून होता. सोबत गल्लीतलेच चार-दोन जण. टपरीवाला तर रोजचाच. बायको गल्लीतून बाहेर पडलेली एकानंही पाहिली नाही. चहाला म्हणून घरी गेला तर दार नुसतं ओढलेलं, मोबाइल चार्जिंगला, चपला उंबऱ्याशी. बाई नाही. आम्ही मिसिंग दाखल केली आणि बिनतारी संदेश दिला. तिच्या नंबरचा सीडीआर, म्हणजे कॉलची यादी, मागवला, त्यातून काहीच निघालं नाही, कारण फोन घरातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असतानाच किनवटकडून तिचा भाऊ आला, सोबत गावची जीपभर माणसं. भाऊ साधा शेतकरी माणूस, पण त्या दिवशी पेटलेला होता. “मारली साहेब त्यानं माझ्या बहिणीला. हात उचलायचा तिच्यावर. दोनदा माहेरी पळून आल्ती.” हे सांगता सांगता तो आमच्या पोर्चच्या पायरीवर खाली बसला. मी त्याला पाणी दिलं, पण ते त्याच्यानं पिववेना.

त्याच दुपारी आमचे हवालदार गल्लीत चौकशी करून आले. उदगीरकडचे, जुने, कामाला वाघ. कानानं मात्र थोडे जड झालेले. गल्लीत मधोमध एक म्हातारी राहायची, सगळी गल्ली तिला आजी म्हणायची. दात एकही नाही, बोलणं सगळं हिरड्यातून. हवालदार म्हणाले, “सर, म्हातारी म्हणती, ती पाण्यात गेली.”

झालं. बांधाच्या टोकाला एक पडीक विहीर होती, ती उपसली. विष्णुपुरीच्या धरणाकडं माणूस पाठवला, नदीकाठच्या ठाण्यांना कळवलं. विहिरीतून गाळ, प्लास्टिक आणि एक जुनं टायर निघालं. भाऊ विहिरीच्या कठड्याला धरून उभा होता. दोर वर आला की डोळे मिटायचा, नुसता गाळ आलाय हे कळलं की उघडायचा. माझ्या नोकरीत मी पुष्कळ विहिरी उपसल्या, पण असं उभं राहिलेलं माणूस पाहायची सवय काही होत नाही.

मग खबर आली. टपरीवाला आमचा जुना खबऱ्या. पान लावता लावता हळूच म्हणाला, “साहेब, त्यानं सैपाकघरात नवी फरशी बसवलीय. एकदम ताजी.”

आता सगळंच जुळायला लागलं. गल्ली बंद, तोंडावर साक्षीदार, बाई बाहेर गेली नाही हे नवरा स्वतःच सांगतोय, आणि घरात ताजी फरशी. वरूनही फोन सुरू झाले होते. मी त्याला चौकशीला घेतलं. हात लावला नाही. मारून माणूस आपल्याला हवं ते बोलतो, त्याचा तपासाला उपयोग शून्य. मी त्याला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारत राहिलो.

“दुसऱ्या कुठल्या वाटेनं गेली असेल?”

“वाटच न्हाई ना साहेब.”

“मागून?”

“मागं दुसऱ्यांची घरं हायत. भिताडाला भिताड.”

“छपरावरून?”

“पत्रे हायत साहेब. मांजर चाललं तरी आवाज व्हते.”

मला राग यायला लागला. अरे, मी तुला सुटायला जागा देतोय, आणि तू एकेक जागा बुजवत चाललायस! मी म्हणालो, बाहेर गेली नाही तर आत आहे, आणि आत आहे तर तूच सांग कुठं. तो छाती काढून बोलला, “साहेब, हे शेवटचं घर मी मुद्दाम घेतलं. घरात बाईमाणूस असलं की बंद गल्लीच बरी. येणारं-जाणारं सगळं नजरंत राहते. आपल्या इज्जतीची फिकीर आपल्यालाच करावी लागते ना.”

खुनाच्या संशयात बसलेला माणूस आणि त्याला अजून त्या गल्लीचा अभिमान! वाट होती असं एकदा जरी म्हणाला असता तरी त्याच्या गळ्यातला फास सैल झाला असता. पण ते म्हणणं म्हणजे आपल्याला फसवून ती जात होती असं कबूल करणं, आणि ते त्याला खुनापेक्षा जड जात होतं.

“आणि फरशी?”

इथं मात्र तो खाली बघायला लागला. “भांडण झाल्तं. हात उठला माझा. मग तिला बरं वाटावं म्हणून बसवली. शहाबादी. तिला लई दिवसापासून पाहिजे होती.”

पंच बोलावून, पंचनामा करून आम्ही ती फरशी उचकटली. खाली रेती, रेतीखाली काळी माती, आणि तिच्याखाली आणखी काळी माती. अजून काही नाही. तरीही भावाची फिर्याद लेखी आली होती. दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल करून त्याला अटक दाखवायची, असं जवळजवळ ठरलं.

त्याआधी गल्लीतल्या बायकांचे जबाब राहिले होते. सोबत आमची महिला शिपाई घेऊन मी स्वतः गेलो. शेवटून दुसरं घर शिवणकाम करणाऱ्या बाईचं, बोलायला फटकळ. मी विचारलं, त्या दुपारी तुम्ही कुठं होतात?

“मी? मी पाण्याला गेल्ते.”

मी लिहून घेतलं. लिहिता लिहिता कानावर आवाज पडत होता. तिच्याच अंगणात नळ सुटला होता आणि हौद भरून वाहत होता. मी मान वर केली. “बाई, नळ तर दारात आहे. पाण्याला कुठं गेला होता?”

बाईनं पदराचं टोक तोंडाशी नेलं.

मी पुढच्या घरी गेलो, तोच प्रश्न. “पाण्याला गेल्ते.” तिच्याही दारात नळ! तिसरीला विचारलं तर ती उत्तराऐवजी पहिलीच्या घराकडं बघायला लागली. मग माझ्या डोक्यात हवालदारांचं वाक्य आलं, आणि मी तडक आजीच्या दारात जाऊन बसलो.

“आजी, तुम्ही आमच्या हवालदाराला म्हणालात ना, ती पाण्यात गेली?”

आजी कावली. “पाण्यात कामून जाईन रे बाबा ती? सोन्यासारखी पोरगी! पाण्याला गेली म्हन्ले मी. त्या मेल्याचे कान फुटलेत की काय?”

“कुठल्या पाण्याला, आजी?”

तेव्हा कुठं आजीला कळलं आपण काय बोलून बसलो. ती जात्याच्या खुंट्याला हात लावून बसली. एव्हाना शिवणवाली आणि बाकीच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, उद्या तिच्या नवऱ्यावर खुनाचा गुन्हा लागेल. ती जिवंत असेल आणि तुम्हाला माहीत असेल, तर एक माणूस न केलेल्या खुनापायी आत जाणार आहे.

शिवणवाली उसळली. “जाऊ द्या ना आत! तिच्या पाठीवरचे वळ म्या बघितलेत, तुम्ही बघितलेत का?”

“वळाचा गुन्हा वेगळा आहे, तो मी लावीन. खुनाचा मात्र लावता येत नाही, बाई. आणि तिचा भाऊ काल विहिरीवर उभा होता. त्याला तर काही कळू द्या.”

बायकांच्या मनात काय चाललं होतं हे मला कळत होतं. सांगितलं तर एकीचा विश्वासघात, नाही सांगितलं तर एकाचा जन्म वाया. निर्णय आजीनं केला. ती माझ्या महिला शिपायाला म्हणाली, “ऊठ पोरी, तुला दावते. साहेब, तू बस हितंच. तू गडी हायस.”

तिनं कोपऱ्यातला रिकामा हंडा उचलून पोरीच्या कमरेवर दिला. म्हणाली, मोकळ्या हातानं त्या वाटेनं कुणी जात नसतं. मग दोघी न्हाणीच्या पडद्यामागं गेल्या. आजी एकटीच परत आली आणि माझ्यासमोर सुपारी कातरत बसली. माझा फोन वाजला.

“सर, मी पश्चिमेच्या रोडवर हाय, एसटी स्टॉपपाशी. कमरेवर हंडा हाय अन् लोक माझ्याकडं बघून राहिलेत. आता काय करू?”

मला हसू आवरेना. गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी बाकड्यावरच्या मंडळींना विचारलं, आमच्या मॅडम इकडून गेल्या का हो? सगळे एका सुरात म्हणाले, “न्हाई साहेब, आतच हायत की.”

त्या वाटेची हकिकत नंतर आजीनं सांगितली. वस्ती नवी होती तेव्हा पाणी एकाच ठिकाणी, दुसऱ्या चुलतभावाच्या बाजूच्या बोअरवर. गडीमाणसं बांधावरून भांडत होती, पण पाणी बायकांनाच आणायचं होतं. डोक्यावर हंडे घेऊन शाळेपर्यंत वळसा कोण घालणार? दोन्हीकडच्या बायकांनी आपसांत ठरवलं आणि घरं बांधताना गवंड्याकडून आपापल्या न्हाणीमागं माणूस जाईल एवढी फट ठेवून घेतली. एकीची न्हाणी, दुसरीची सांद, तिसरीचं अंगण, बांध, मग पलीकडची न्हाणी. गड्यांना तेव्हा माहीत होतं. पुढं घरोघरी नळ आले आणि ते विसरले, कारण हंडा त्यांनी कधी उचललाच नव्हता. बायकांनी वाट चालू ठेवली. बाजाराला, दवाखान्यात, एखादीच्या आईला भेटायला. आणि जाताना मागं सांगून जायचं, पाण्याला जाते.

मग शिवणवालीनं पत्ताही सांगितला. तिची बहीण लातूरला असायची, शिकवणीच्या मुलांसाठी खानावळ चालवायची. आम्ही तिथं पोहोचलो तेव्हा आमची हरवलेली बाई पोळ्या लाटत होती. गणवेशातली पोरगी दारात बघून तिच्या हातातलं लाटणं निसटलं. पहिला प्रश्न एकच, “परत न्यायला आलात का?”

मी सांगितलं, तू सज्ञान आहेस, तुला कुणी नेऊ शकत नाही. फक्त जबाब दे. मग ती हात पुसून बसली. नवऱ्यावर खुनाचा संशय आहे हे ऐकून ती घाबरली. “मारलं न्हाई हो त्यानं मला. म्हंजे, जिवानिशी न्हाई मारलं. तसंच लिहा.” तिनं सांगितलं तसंच आम्ही लिहिलं, वळांसकट. कोर्टकचेरी मात्र तिला नको होती. आम्ही फरशी काढली हे ऐकून म्हणाली, “चांगली होती ओ फरशी.”

मी विचारलं, माहेरी का नाही गेलीस? तिनं माझा फोन मागून भावाला लावला. तो पलीकडं ढसाढसा रडत होता. हिनं रडणं संपू दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, “दादा, दोन्ही टायमाला तूच तर आणून सोडलंस ना मला.” नंतर भाऊ माझ्याकडं आला तेव्हा त्यानं पत्ता मागितला नाही. ती बोलवील तेव्हा जाईन, म्हणाला.

निघताना तिनं मला एकच विनंती केली. “पत्ता सांगू नका, अन् ती वाट बी सांगू नका. मागं अजून बाया हायत.” मी शब्द दिला. स्वतःच्या मर्जीनं घर सोडलं, एवढं कागदाला पुरलं. आज हे लिहितोय, कारण आता तो बांध गेला, महापालिकेनं दोन्ही वस्त्यांतून आरपार रस्ता काढला आणि त्या फटींची गरज कुणाला उरली नाही. आजीही राहिली नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं ते इतकंच, की गल्ली बंद आहे की नाही हे तिच्या तोंडाशी बसलेल्यांना विचारून कळत नाही. आत राहणाऱ्यांना विचारावं लागतं, आणि ज्यांना बाहेर पडायची भीती असते त्यांना सगळ्यात आधी. पुढच्या नोकरीत कुठल्याही वस्तीत गेलो तरी मी बायकांचे जबाब शेवटी ठेवले नाहीत.

नवऱ्याला मी ठाण्यात बोलावून सांगितलं, ती जिवंत आहे, तुझ्यावर गुन्हा नाही. तो भिंतीला टेकून रडला. मग डोळे पुसून त्यानं विचारलं, “पण साहेब, गेली कुठून?” दोनदा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं. मी भडकलो. म्हटलं, मर्दा, कुठून गेली हे विचारतोस, कशी आहे हे एकदा तरी विचारलंस का? पुन्हा कुठल्या बाईवर हात उचललास तर गाठ माझ्याशी आहे. तो मान खाली घालून निघून गेला.

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी मी ठाण्यातून निघत होतो, तर फाटकाशी त्याचा ऑटो उभा. मला वाटलं, आला परत गल्लीचं विचारायला. तो खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, बरी हाय का ती?”

“बरी आहे.”

त्यानं मान हलवली. त्याचं तोंड उतरलेलं होतं. मलाच राहवलं नाही. म्हटलं, तिला काही सांगायचंय का? सांग, कळवतो.

तो ऑटोत बसला, किल्ली फिरवली आणि थांबला.

“न्हाई साहेब. मी इचारायला आल्तो, हे बी सांगू नका. भील ती.”